भरल्या धरणाचं बागिन

—तेच तर सांगतोय, मॅडम, साहेबांना आज येता येत नाही म्हणूनच उद्या. तुम्ही आधी बसा बघू. आणि ते पातळीचे काटे बघणं सोडा जरा, पाणी कुठे पळून जातंय? पळून जाऊ नये म्हणून तर एवढी भिंत घातलीय. कॉफी आणलीय मी घरून. तुमच्या खात्याच्या कँटीनची कॉफी म्हणजे — जाऊ दे, मी कशाला बोलू. हे कुरकुरीत कोडबळे घ्या. सुकन्यानं, म्हणजे आमच्या मंडळींनी केलेत. आज भीमन अमावास्या, पहाटेपासून चूल पेटलीय घरात. उजाडायच्या आत परातीत पाय ठेवून बसवलं मला, धुतले, हळदकुंकू वाहिलं, हा दोरा बांधला मनगटाला — आणि वर म्हणते कशी, आता तोंड उघडून दिवसाची वाट लावू नका. वर्षातनं एक दिवस आम्ही नवरे देव होतो, तेही न्याहारीपर्यंतच. तर साहेबांचंही तेच. मंत्री असले तरी नवरेच की. अम्मांचा नेम आहे — साहेबांच्या मिसेसचा — की आज साहेबांची पाद्यपूजा करायची आणि दिवसभर त्यांना उंबऱ्याबाहेर सोडायचं नाही. आता एकट्या साहेबांना आणून उपयोग काय? बागिन जोडप्यानंच द्यायचं असतं. बरं, काल-परवा यावं तर आषाढ. आषाढात आमच्याकडे कुणी नवी केरसुणी विकत घेत नाही, तिथे धरणाची ओटी कोण भरणार? म्हणून उद्या. श्रावणाचा पहिला दिवस, राहुकाळ टळला की साहेब, अम्मा, सुपांची जोडी, नादस्वर, सगळं हजर. तुमच्याकडून एकच हवंय — पाणी आत्ता आहे तसंच उद्यापर्यंत राहू दे. काठोकाठ. मी काही जास्त मागतोय का? आहे तेवढंच मागतोय.

घाटावर पाऊस आहे, माहीत आहे मला. काल रात्रीपासून कोसळतोय, तेही माहीत आहे. आवक वाढतेय, वाढेल, आणखी वाढेल — अहो, वाढू दे ना! पाणी वाढलं म्हणून धरणवाल्यानं तोंड पाडून बसायचं, हे मी पहिल्यांदाच बघतोय. तुम्ही पावगड्याकडच्या ना? तरीच. तुमच्या मुलखात पाणी टँकरनं येतं, तुम्हाला भरलेलं बघायची सवय नाही, म्हणून धास्ती वाटते. रागावू नका, मोठ्या भावासारखं बोलतोय. महिना तरी झाला का तुम्हाला इथे येऊन? आणि मी या अक्कनहोळेच्या काठी जन्मलो. नदीचं नावच बघा — अक्का. थोरली बहीण. आणि भरल्या बहिणीला माहेरानं काय द्यायचं? सुपात तांदूळ, गूळ, डाळ, नारळ, हिरव्या बांगड्या, खण, फणी, आरसा, वरनं दुसरं सूप झाकायचं नि दोरा गुंडाळायचा. हे भरल्यावर द्यायचं असतं, मॅडम. अर्ध्या धरणाला बागिन देतात का कुठे? पाचव्या महिन्यात कुणी बारसं करतं का?

आता तुम्ही म्हणाल, तिम्मेगौडा अडाणी माणूस, पक्षाचा तालुका अध्यक्ष झाला, स्वागत समितीचा अध्यक्ष झाला, त्याला धरणातलं काय कळतंय? तर ऐका. मागे जलाशय समितीचा अभ्यास दौरा निघाला होता, त्यात मी होतो. पार वरपासून खालपर्यंत देश बघितलाय मी. भाक्रा बघितलं — काय ती भिंत, मान मोडते वर बघताना. तिथला इंजिनियर म्हणाला, हे पंजाब-हरयाणाच्या गव्हासाठी आणि विजेसाठी. बरं म्हटलं. लस्सी दिली, ग्लास नव्हे, तांब्याच तो. मग हिराकूड — ओडिशात. तिथे म्हणाले, महानदी दरवर्षी खालचा मुलूख बुडवायची, तिला आवरायला हे बांधलं. बरं म्हटलं. तिथे ते छेनापोडं का काय, भाजलेल्या पनीरची मिठाई, आमचे दोघे सभासद तेवढ्यावरच आजारी पडले. मग बंगालात फरक्का. ते धरण नाही हं, बराज आहे. मी विचारलं, बराज म्हणजे काय? तर म्हणाला, यात पाणी साठवत नाहीत, नुसतं अडवून दुसरीकडे वळवतात. म्हटलं, असा एक आमदार आहे आमच्याकडे. त्याला कळलं नाही. तर ते गंगेचं पाणी हुगळीत वळवायचं, का तर कोलकात्याच्या बंदरात गाळ साचतो तो ढकलायला. म्हणजे एवढी गंगा, तिला झाडू मारायच्या कामाला लावलीय. मासा मात्र, मॅडम — काटेच काटे, पण चव! मग केरळात इडुक्की, दोन डोंगरांच्या मध्ये कमान टाकल्यासारखी भिंत, सगळं विजेसाठी. तमिळनाडूत मेट्टूर, खालच्या भातशेतीसाठी, तारीख ठरवून दारं उघडतात. आता एवढ्या ठिकाणी मी प्रत्येक इंजिनियरला एकच प्रश्न विचारला — इथे बागिन कोण देतं? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. गहू आहे, वीज आहे, पूर आहे, बंदर आहे. नदीला एक खण नाही. तेव्हा मी मनाशी म्हटलं, तिम्म्या, धरण कशासाठी असतं हे देशात फक्त आपल्यालाच कळलंय.

हसू नका. बरं, हसा. हसलात की जरा बरं वाटतं, मघापासून नुसत्या बघताय माझ्याकडे.

आता तुमच्या आधीचे इंजिनियर, रुद्रमूर्ती. सज्जन माणूस, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण घाबरट. असाच पाऊस, असंच भरलेलं, साहेब दुसऱ्या दिवशी यायचे — ते तेव्हाचे साहेब, आत्ताचे नव्हेत — आणि यांनी आदल्या दिवशी सुरक्षेसाठी म्हणून दारं उचलली. मला विचारलं नाही, कुणाला विचारलं नाही. सकाळी मंडळी आली तर काय? पाणी पार खाली. भिंतीला चिखलाचा पट्टा, घाटाच्या पायऱ्या उघड्या, शेवाळ लागलेल्या. आता बागिन वरनं फेकायचं तर नसतं ना? सोडायचं असतं. साहेब उतरले, मागून तेव्हाच्या अम्मा, नेसूची म्हैसूर सिल्क, आणि तिसऱ्या पायरीवर घसरल्या त्या थेट साहेबांच्या पाठीवर. फोटो आला दुसऱ्या दिवशी. रिकाम्या धरणाला मंत्र्यांचं लोटांगण, असा मथळा. त्यातनं बागिन जेमतेम सोडलं, तर वारा उलटा, सुपं तरंगत तरंगत गेली पलीकडच्या काठाला — आणि पलीकडचा काठ कुणाचा? विरोधी पक्षाच्या माजी आमदाराची नारळाची बाग! त्यानं ते सूप उचलून देवघरात ठेवलं, आणि चार महिन्यांत निवडून आला. आता बोला. या खेपेला मी सुपातच दगड ठेवायला लावलाय, नारळाखाली, लगेच बुडेल. तर रुद्रमूर्तींची बदली झाली बोअरवेलच्या खात्यात, कोलारकडे. आता पाणी बघायचं तर त्यांना पाताळात डोकावावं लागतं. मुलं इथल्या शाळेत होती त्यांची, बायको रडली हो जाताना. मी स्वतः टेम्पो दिला सामानाला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं सांगतोय. दुसरं काही नाही.

आणि आपण दारं उघडणारच नाही असं कुठे म्हणतोय? उघडायचीच आहेत. पण बागिन झाल्यावर. साहेबांनी सूप सोडलं, हात जोडले, की तुम्ही इकडनं बटण दाबायचं आणि सगळी दारं एकदम. एकदम हं, एक-एक करून मजा नाही. पांढराशुभ्र फेस, मागे धुकं, पुढे साहेब आणि अम्मा — फोटोग्राफर मी म्हैसूरहून बोलावलाय. त्यानं येऊन जागा बघून ठेवलीय, म्हणाला, सगळी उघडली तरच चित्र उठून दिसेल. शिवाय तोपर्यंत पाणी जरा जास्तच चढलेलं असणार, म्हणजे जोरही चांगला येईल. तुम्हाला काय, उघडल्याशी मतलब ना? आज थोडं थोडं उघडा नाहीतर उद्या एकदम उघडा, पाणी तेच, नदी तीच.

काय? कोप्पलू? हां, कोप्पलू. मी म्हणतच होतो, अजून कुणी कोप्पलूचं नाव कसं काढलं नाही. अहो, कोप्पलू माझं गाव आहे. माझं जन्मगाव! तुमच्यापेक्षा मला जास्त काळजी नसेल का त्याची? धरणाच्या खाली, नदीकाठचं गाव, सखल आहे, थोडं पाणी येतं आत, नाही असं नाही. येतं आणि जातं. लहानपणी आम्ही मारुतीच्या देवळात पोहलोय. लोकांना सवय आहे. गोठ्यात शिरलं की गुरं सोडायची, घरात शिरलं की माळ्यावर बसायचं, त्यात काय एवढं? हां, एकदम सोडल्यावर जरा जोरात येईल, ते मान्य. म्हणून तर मी आधीच — नाही, काही नाही. सहज. म्हणजे मळ्यातली पंपाची मोटर काल काढून घेतली एवढंच. तसाही तिचा आवाज बिघडला होता. आणि दोन म्हशी मेव्हण्याकडे पाठवल्या, त्यांना इकडचा चारा मानवत नव्हता. असं काय बघताय? माणूस आपल्या म्हशी मेव्हण्याकडे पाठवू शकत नाही का?

अव्वालाही आणलं, हो. अव्वा म्हणजे माझी आई. लपवायचं काय त्यात, आईला घरी आणणं गुन्हा आहे का? एकटी राहते तिथे, जुन्या घरात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. किती वर्षं म्हणतोय, चल गावातनं. येत नाही. तुझ्या घरात फरशीवर पाय थंड पडतात, म्हणते. काल मीच गाडी घेऊन गेलो. सुकन्याला बरं नाही, दोन दिवस ये म्हटलं. खोटंच सांगितलं, पण चांगल्यासाठी. गाडीत बसली. घरी आली, सूनबाई धडधाकट, चकल्या तळतेय. मग माझ्याकडे बघितलं नुसतं. रात्री नाचणीचं मुद्दे नि सारू वाढलं, हात लावला नाही, भूक नाही म्हणाली. वय झालं की होतं असं.

बाकीच्यांना? बाकीच्यांना काय सांगायचं? मॅडम, जरा डोकं चालवा. मी कोप्पलूत जाऊन सांगितलं असतं की उद्या पाणी येणार, घरं सोडा, तर काय झालं असतं? गावभर बोभाटा. दुपारपर्यंत पत्रकार, संध्याकाळी विरोधी पक्ष नदीत उतरून उपोषणाला. साहेबांचा दौरा रद्द. आणि दौरा रद्द झाला तर पुढच्या महिन्यात तिकिटवाटपात तिम्मेगौडाला कुणी विचारणार आहे का? वीस वर्षं सतरंज्या उचलल्यात मी या पक्षाच्या. एक जिल्हा पंचायत मिळाली, ती पण बायकांची राखीव निघाली, सुकन्याला उभी केली, निवडून आली तर मलाच ओळखेना. आता कुठे आमदारकीचा वास लागलाय. तेव्हा एकदाच, एकाच सकाळी, सगळं नीट व्हायला हवं मला. तेवढ्यासाठी कोप्पलूवाल्यांनी एक दिवस माळ्यावर बसायला काय हरकत आहे? माणसं आपलीच आहेत. चिखल मी स्वतः उभा राहून काढून देईन, तेव्हाही फोटो—

थांबा, फोन. घरनंच आहे. — हं, बोल. — कोण नाही? — नीट बघ ना, मागं परड्यात असेल. — देवळात? — अगं मग सकाळपासून का नाही सांगितलंस? — कधी गेली? — दार उघडं होतं म्हणजे? तू काय करत होतीस? — पाय. — कुणाचे? — हं. — हो, माझेच. — बरं. — पिशवी? तिची ती कापडी पिशवी आहे का बघ खुंटीला. — नाही. — ठेव.

मॅडम.

अव्वा गेली. पहाटेच गेली, आम्ही घरात परातीत पाय धुवत बसलो होतो तेव्हा समोरच्या दारानं निघून गेली म्हणे. पिशवी घेऊन. म्हणजे गावाकडेच. दुसरीकडे कुठे जाणार ती? आता आणायला गेलो तर यायची नाही. एकदा फसवून आणली, पुन्हा कोण फसतंय. खाटेचा पाय धरून बसेल, ओळखतो मी तिला. बाबा गेले तेव्हा तसंच, तीन दिवस उंबऱ्यातनं हलली नाही. आणि माळ्यावर तिला चढता येत नाही, गुडघे गेलेत तिचे. — मॅडम, तुम्ही मघाशी काय म्हणत होतात? दारं बंद ठेवली तर संध्याकाळपर्यंत पाणी वरच्या खुणेला जाईल आणि मग थांबवता येणार नाही, असंच ना? मग उघडा ना. आत्ता उघडा, थोडं थोडं. थोडं सोडलं तर नदी काठातच राहते, तुम्हीच म्हणालात. दोन दारं, हातभर, नाहीतर वीतभर, तुम्हाला योग्य वाटेल तेवढं. साहेबांचं मी बघतो. सांगेन काहीतरी, पाऊस म्हणेन, यंत्र बिघडलं म्हणेन. मरू दे तो फोटो. तुम्ही बसून का राहिलात? हात जोडतो तुम्हाला. माझी आई आहे हो खाली.

काय म्हणालात?

कधीपासून? — उजाडल्यापासून? कुठली दारं? — डावीकडची. पण मी इथनं आलो, मांडवाकडनं, मला काही — तो जनरेटर आणि त्या मेल्याचं हॅलो माईक टेस्टिंग, काही ऐकू येतंय का इथे. सरका जरा, त्या खिडकीतनं बघू दे. — हो की. चालू आहेत. चांगलं गढूळ पाणी चाललंय खाली. म्हणजे मी इतका वेळ इथे बसून... तुम्ही बोलला का नाहीत? — मी बोलू दिलं नाही. बरं, असेल. पण कुणाच्या हुकमानं उघडलीत? वरनं तर परवानगी नव्हती, मी स्वतः फोन करून — म्हणजे मला तसं कळलं होतं.

कोण आलं होतं?

इथे? पहिल्या बसनं? त्या गुडघ्यांनी एवढा चढ चढली? — तुमच्या क्वार्टरच्या दारात. — आणि काय म्हणाली? सांगा ना. काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगा.

«उगादीलाही कधी घरी न नेणारा माझा मुलगा काल गाडी घेऊन दारात आला. पाणी येणार असणार. त्यानं गावात कुणाला सांगितलं नसेल, तुम्ही तरी सांगा.»

एवढंच? आणखी काही नाही म्हणाली? माझ्याविषयी वगैरे? — नाही. बरं.

आणि आता कुठे आहे? — शाळेत, उंचावर. सगळ्या गावाबरोबर. गुरंही वर काढली? बरं केलंत. दवंडी दिलीत म्हणता. बरं. ती जेवली का? काल रात्रीपासून पोटात काही नाही तिच्या. — उप्पिट्टू खाल्लं. दोनदा मागून घेतलं? — हां. माझ्याकडे भूक नव्हती तिला. तिथे लागली. चांगलं झालं. जिवात जीव आला बघा, मॅडम, खरं सांगतो. उपकार झाले तुमचे. नाही नाही, उपकारच. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर...

उजाडल्यापासून म्हणालात ना? म्हणजे सहा-सात तास. दोन दारं. नाही, सहज विचारतोय. एवढ्या वेळात मग या बाजूला... सरका. इकडच्या खिडकीशी येऊ दे मला.

पायऱ्या दिसतायत.

मॅडम, पायऱ्या दिसतायत घाटाच्या. ओल्या. आणि तो पट्टा. — आणि उद्या सकाळपर्यंत आणखी उतरणार? किती? — त्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत? तिथे तर नुसता गाळ आहे. अम्मा तिथे कशा उतरणार? कांचीपुरमहून साडी आणलीय त्यांनी उद्यासाठी. खिळे ठोकून फळ्या टाकल्या तरी... आणि फोटो? दोनच दारांचा? त्याला काय फोटो म्हणायचा? गळका नळ दिसेल तो. बंद करता येतील का आत्ता? अव्वा वर आहे, गाव वर आहे, आता कुणाला काय होतंय? रात्रभर बंद ठेवली तर पुन्हा भरेल ना? — नाही म्हणजे? का नाही? — घाटावरचं पाणी अजून यायचंय, त्याला जागा हवी?

बरं. कळलं. अव्वाचं काय ते मी तिच्याशी बोलेन, तो घरचा प्रश्न आहे. हे सरकारी काम आहे. आज नवऱ्याची पूजा चाललीय तिकडे म्हणून, नाहीतर साहेबांचा फोन तुम्हाला केव्हाच आला असता. आता मलाच लावावा लागणार बंगळूरला. तुम्ही नका बसू आता. कोडबळे न्या हवे तर, वाटेत खायला. तुमचीच खोली आहे, माहीत आहे मला. तरी जरा बाहेर थांबा.